मुलं जवळ नसलेल्या आया

टॅबलेटवरचा अकरावा प्रश्न असा होता: 'मूल सध्या तुमच्याजवळ राहतं का?' 'नाही'वर बोट ठेवलं की पडदा हिरवा व्हायचा आणि वाक्य उमटायचं, 'मुलाखत पूर्ण झाली. सहभागी महिलेचे आभार माना.' मागे जायची सोय नव्हती. बाळंतपण कुठे झालं, किती दिवस अंगावर पाजलं, नंतर ताप आला का, रक्त किती गेलं, असे पुढचे चाळीस-पंचेचाळीस प्रश्न त्या हिरव्या पडद्याच्या पलीकडे राहून जायचे.

आणि मला ज्या बायकांच्या मुलाखती घ्यायला नेमलं होतं, त्या सगळ्या आपली तान्ही मुलं नेपाळात सोडून कुवेतमध्ये दुसऱ्यांची मुलं सांभाळायला आलेल्या. एकीचंही मूल तिच्याजवळ नव्हतं.

प्रकल्प युरोपातल्या एका विद्यापीठाचा होता. गरीब देशांतल्या बायकांची बाळंतपणं, त्यांची लहान मुलं, पाळणा लांबवण्याची साधनं, यावर त्यांची मोठी पाहणी बरीच वर्षं गावोगाव चालू होती. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की नेपाळच्या काही गावांत दार वाजवलं तर मूल सापडतं, आई सापडत नाही, ती आखातात कामाला गेलेली असते. म्हणून कुवेतमध्ये एक छोटा अभ्यास करायचं ठरलं. हिंदी बोलणारी, अशा पाहण्यांची सवय असलेली आणि इथेच राहणारी बाई त्यांना हवी होती.

मी लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं नाशिक जिल्ह्यात, सुरगाणा-पेठकडे, माता-बालपोषणाच्या पाहण्या केल्या होत्या. नवरा पेट्रोकेमिकलमध्ये इंजिनियर, त्याला इथे नोकरी लागली आणि आम्ही फिंतासला आलो. त्यानंतर माझी कामाची वर्षं मुलीच्या शाळेच्या डब्यांत आणि मंडळाच्या गणपतीत गेली. त्यामुळे हे काम आलं तेव्हा मला खरोखर आनंद झाला होता. तो साधारण तीन आठवडे टिकला.

त्यांनी गावासाठी बनवलेली प्रश्नावली जशीच्या तशी इकडे पाठवली होती. 'घरात पिण्याचं पाणी कुठून आणता?' असं मी पाच न्हाणीघरांच्या बंगल्यात राहणाऱ्या बाईला विचारायचं. 'जवळच्या आरोग्य केंद्रापर्यंत चालत जायला किती मिनिटं लागतात?' या प्रश्नाला एकीने मला उलट विचारलं, "कुणी जाऊ देईल तेव्हा ना?" ते उत्तर मिनिटांत बसत नव्हतं. टॅबलेटला आकडाच हवा होता.

अकराव्या प्रश्नाबद्दल मी पहिल्याच आठवड्यात पत्र लिहिलं. 'आपल्या निरीक्षणाची नोंद घेतली आहे,' असं उत्तर आलं. दुसरं पत्र लिहिलं तेव्हा माहिती सांभाळणाऱ्या माणसाने समजावलं की एका देशापुरता फॉर्म बदलला तर इतर देशांशी तुलना करता येणार नाही. मी विचारलं, तुलना कशाची करणार, इथे तर काहीच नोंदलं जात नाही. त्याने सुचवलं की शेवटी शेऱ्यासाठी एक चौकट आहे, तिचा उपयोग करावा. चौकटीत दोन ओळींच्या वर अक्षरं मावत नव्हती.

घरी मी याबद्दल इतकी बोलत असे की माझी चौदा वर्षांची मुलगी एकदा जेवताना म्हणाली, "आई, जस्ट पुट यस. देन इट विल ओपन."

"खोटं लिहू?"

"इट्स जस्ट अ फॉर्म."

तिच्यावर चिडण्यात अर्थ नव्हता. तो पर्याय माझ्याही मनात येऊन गेला होता. शेवटी मी एक जाड वही आणली. टॅबलेट हिरवा झाला की तो पालथा ठेवायचा आणि उरलेले प्रश्न वहीत घ्यायचे, असं सुरू केलं. त्या वहीला प्रकल्पात काही किंमत नाही, हे मला माहीत होतं.

आणखी एक गोष्ट माझं डोकं फिरवायची. या बायकांना सुट्टी मिळालीच तर शुक्रवारी, तीही काही तासांची. युरोपात शुक्रवार कामाचा दिवस, म्हणून सगळ्यांची ऑनलाइन बैठक नेमकी शुक्रवारी दुपारी. मी दर वेळी सांगायची, दर वेळी तिकडची मंडळी हळहळायची आणि पुढच्या शुक्रवारचं आमंत्रण यायचं. प्रकल्पाच्या प्रमुख प्राध्यापक बाई स्वभावाने चांगल्या होत्या. बोलायला सुरुवात करताना त्या विचारायच्या, "तिकडे आज हवा कशी आहे?" जुलैमध्येसुद्धा.

मुलाखतींसाठी जागा मिळाली होती ती कुवेत शहरात, दस्मानजवळच्या एका जुन्या इमारतीत, पहिल्या मजल्यावरच्या ब्यूटी पार्लरमध्ये. पार्लर चालवणाऱ्या बाई नेपाळच्याच. पन्नाशीच्या, केस कापलेले, कुवेतमध्ये अर्धं आयुष्य काढलेल्या. शुक्रवारी त्या दुपारनंतर उघडायच्या, तोवर जागा माझी. नेपाळी मुली त्यांना दिदी म्हणायच्या, म्हणून मीही म्हणू लागले. केस धुवायच्या खुर्चीत समोरची बाई बसायची आणि मी स्टुलावर.

त्या शुक्रवारी धुळीचं वादळ होतं. फिंतासहून गाडी चालवत येताना समुद्र कुठल्या बाजूला आहे तेही दिसत नव्हतं. इतक्या धुळीत कुणी येणार नाही असं मला वाटत होतं, पण मी पोचले तेव्हा एक मुलगी जिन्यातच उभी होती. तेवीस-चोवीस वर्षांची, बारीक, डोक्यावरून ओढणी. रुमैथियाच्या एका घरात कामाला होती. येऊन दीड महिना झाला होता. घरच्या ड्रायव्हरने तिला सोडलं होतं आणि चार वाजता तो परत न्यायला येणार होता.

मी तिला संमतीपत्र वाचून दाखवलं. ते सात पानांचं होतं. 'तुम्ही कधीही थांबू शकता' हे वाक्य त्यात चार वेळा होतं. तिने ऐकून घेतलं आणि सही केली. मग मी विचारायला लागले.

"मुलं किती?"

"कागज में, या सच में?"

इतकी वर्षं मी हा प्रश्न बायकांना विचारत आले होते. असं मला कुणी विचारलं नव्हतं.

"सच में," मी म्हटलं.

"एक. बेटी."

"किती वर्षांची?"

तिने बोटांच्या पेरांवर मोजलं. "पाच महिन्यांची."

"आणि कागदावर?"

"कागदावर माझं लग्नच झालेलं नाही."

लहान मूल असलेल्या बाईला घरकामासाठी बाहेर सोडत नाहीत, असं गावातल्या एजंटने तिला सांगितलं होतं. म्हणून त्याने सगळंच पुसून टाकलं, मूलही आणि नवराही. मुलगी साडेतीन महिन्यांची असताना तिला सासूच्या हवाली करून ही दिल्लीमार्गे निघाली.

अकरावा प्रश्न आला. मी 'नाही'वर बोट ठेवलं. पडदा हिरवा झाला.

"तुझे आभार मानते," मी म्हटलं, कारण तसं म्हणायचंच होतं.

"झालं? एवढंच?"

"यांचं झालं. मला अजून थोडं विचारायचं आहे, तुला वेळ असेल तर." मी वही उघडली.

ती खुर्चीत सावरून बसायला गेली आणि तिचा चेहरा एकदम पांढरा पडला. तेव्हा मला दिसलं की ती आल्यापासून डावा हात अंगापासून लांब धरून होती. मी तिचा दुसरा हात हातात घेतला. चटका बसावा इतका गरम होता.

"कधीपासून ताप आहे?"

"चार दिवस."

मी उठले आणि फेशियलच्या पलंगापाशी जाऊन पडदा ओढला. ती आधी नको म्हणाली, मग आली. आत तिने छातीभोवती ओढणीची एक पट्टी इतकी घट्ट गुंडाळली होती की सोडवायला आम्हाला दोघींना वेळ लागला. डावी बाजू लाल, तटतटलेली, एका जागी कातडी चकाकत होती. नुसता हात जवळ नेला तरी ती मागे सरायची.

मी डॉक्टर नाही. पण दूध तटल्यावर काय होतं हे मी सुरगाण्यात पाहिलं होतं. माझ्या मुलीच्या वेळी मलाही दोन दिवस थंडी वाजून ताप आला होता, आई गरम कपड्याने शेकत बसायची. हे त्याच्या खूप पुढे गेलेलं होतं. आत पू झाला होता.

तिने सांगितलं ते असं. घरात तिच्याकडे मालकिणीचं तान्हं बाळ होतं, त्याला ती बाटलीने पावडरचं दूध पाजायची. बाळ रडलं की हिला पान्हा फुटायचा. रोज पहाटे न्हाणीघरात जाऊन ती दूध पिळून टाकायची. ठणका थांबावा म्हणून, आणि ते पुरतं आटून जाऊ नये असंही तिला वाटत होतं. का, ते तिला सांगता येईना. मागच्या आठवड्यात घरात बाळ बघायला येणाऱ्या पाहुण्या बायकांची रीघ लागली. पहाटेपासून कपबशा. पिळायला वेळ मिळेना, कपडे भिजायला लागले, म्हणून तिने पट्टी बांधली.

अशा वेळी मी काय करावं हे प्रकल्पाच्या नियमांत स्पष्ट होतं. मुलाखत घेणाऱ्याने वैद्यकीय सल्ला देऊ नये, फक्त पत्रक द्यावं. पत्रकात जवळच्या आरोग्य केंद्रांची यादी होती. ती सगळी केंद्रं नेपाळमधली होती. हेही मी कळवलं होतं, त्याचीही नोंद घेतली गेली होती.

मी मोबाइलवरून बैठकीत शिरले. ती सुरूच होती. प्राध्यापक बाईंनी हवेचं विचारायच्या आत मी काय झालं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "तिने ताबडतोब उपचार घेतले पाहिजेत." आवाजात काळजी होती, ती खोटी नव्हती.

"कुठे? आणि तिला नेणार कोण?"

नियमांचं बघणाऱ्या बाई मध्ये बोलल्या. अशा घटनेसाठी वेगळा फॉर्म आहे, तो चोवीस तासांत भरावा. आणि मी स्वतः दवाखान्यात जाऊ नये, माझा विमा फक्त मुलाखतींपुरता आहे.

"ठीक आहे," मी म्हटलं आणि फोन बंद केला. रागाने माझे कान गरम झाले होते. त्या माणसांना कुणाचं वाईट व्हावं असं वाटत नव्हतं, आणि त्यामुळे भांडायला समोर कुणी मिळत नव्हतं.

पार्लरच्या दिदी तोवर आल्या होत्या. त्यांनी पडद्याआड डोकावलं, नेपाळीत दोन वाक्यं बोलल्या आणि गाडीची किल्ली शोधायला लागल्या. पण मुलगी उठेना.

"मी नाही येणार. मामाला कळेल."

इथे घरच्या मालकिणीला कामवाल्या 'मामा' म्हणतात. इतक्या वर्षांनंतरही तो शब्द ऐकला की मला आधी नाशिकचा मामाच आठवतो.

"कळू दे," दिदी म्हणाल्या.

"माझं लग्न झालेलं नाही, दिदी. कागदावर. आणि अंगात दूध आहे. मूल कुठे टाकलंस विचारतील. पोलीस बोलावतील." इतर मुलींनी तिला असं सांगून ठेवलं होतं. खरंखोटं मलाही नक्की माहीत नव्हतं, आणि तिच्यापाशी तसं कबूल करायची मला हिंमत झाली नाही.

"लग्नाचा फोटो आहे का?" दिदींनी विचारलं.

फोटो होता. फोनमध्ये एका नावाशिवायच्या फोल्डरमध्ये दडवलेला. लाल साडी, कपाळभर टिळा, शेजारी एक गंभीर मुलगा. त्याच फोल्डरमध्ये दुपट्यात गुंडाळलेली मुलगी. दिदींनी तिच्या नवऱ्याला फोन लावला आणि लग्नाच्या नोंदणीचा कागद आत्ताच्या आत्ता पाठव म्हणून दटावलं. तो पाठवायला त्याला कुठेतरी शेजारच्या गावी जावं लागणार होतं.

या सगळ्यात तिला समजावत अर्धा तास गेला. मग जिन्यावर पावलं वाजली आणि तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू आलं. ड्रायव्हर नव्हता. स्वतः मामा आली होती.

तिशीतली बाई, अंगावर काळा पायघोळ अबाया, एका खांद्यावर बाळ, दुसऱ्यावर त्याची पिशवी. बाळ दुपारपासून कुणाकडेच राहत नाही, याच मुलीकडे शांत होतं, म्हणून ती चारच्या आधीच न्यायला आली होती. इंग्रजी चांगलं बोलत होती. आत पाऊल टाकताच तिने गाऱ्हाणी सुरू केली. धुळीचं, पार्किंगचं, चुकीचा मजला दाखवणाऱ्या हारिसचं. हारिस म्हणजे इमारतीचा राखणदार. मग तिची नजर पडद्याकडे गेली. मुलगी घाईने ओढणी सावरत होती.

तिने बाळ माझ्या हातात दिलं, अगदी टेबलावर पर्स ठेवावी तसं, आणि सरळ आत गेली. बाळ रडतच होतं.

बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळावर आठ्या होत्या. "किती दिवस झाले याला?"

"चार," मी म्हटलं.

"आणि मला कुणी सांगत नाही. माझ्या घरात माणूस आजारी आहे आणि ते मी पार्लरमध्ये येऊन बघायचं." तिने मुलीकडे वळून हातानेच खूण केली. "याल्ला. चल."

मुलगी रडायला लागली. फोटो दाखवायला तिने फोन पुढे केला. मामाने फोटो पाहिला न पाहिल्यासारखा केला. "ठेव तो. आधी डॉक्टर."

माझा विमा फक्त मुलाखतींपुरता होता. मी त्यांच्याबरोबर गाडीत बसले.

मुलीचा बताका, म्हणजे इथलं ओळखपत्र, अजून झाला नव्हता, त्यामुळे सरकारी दवाखान्यात अडलं असतं. मामाने एका खाजगी दवाखान्याकडे गाडी घातली. वाटेत ती सतत कुरकुरत होती. एजन्सीने फसवलं, आपण लहान मूल नसलेली बाई मागितली होती, कारण आधीची रात्रंदिवस मुलांच्या आठवणीने रडायची. आता या लोकांशी भांडायला कुणाला वेळ आहे, घरात तीन मुलं. मग आरशातून माझ्याकडे बघत तिने विचारलं, "आणि तुम्ही तिथे काय करत होतात?"

मी अभ्यासाबद्दल सांगितलं. बाळंतपणानंतर आयांची तब्येत कशी राहते, याचा अभ्यास.

"मग आज हिच्याबद्दल काय लिहिलंत?"

"मुलाखत पूर्ण झाली, असं."

ती हसली, पण मजा वाटून नव्हे.

दवाखान्यातल्या डॉक्टर केरळच्या होत्या. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, बाळंतपण कधी झालं. मुलीने मामाकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं. तेव्हा मामा उठली. "सांग तिला सगळं. मी बाहेर बसते," असं म्हणून बाळाला घेऊन निघून गेली.

डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि सुईने पू काढला. दोनदा काढावा लागला. मुलीने माझं मनगट धरून ठेवलं होतं, आवाज मात्र केला नाही. डॉक्टर कामात असतानाच आम्हाला बोलत होत्या. "आठवडाभर आधी यायला काय झालं होतं? तुम्ही शिकलेल्या बाया आहात ना?" त्या मला मालकीण समजल्या होत्या. मी दुरुस्त केलं नाही.

ड्रेसिंग चालू असताना मी बाहेर येऊन मामाशेजारी बसले. बाळ झोपलं होतं. मी तिला विचारलंच, "तुम्हाला खरंच काही कळलं नव्हतं?"

"हे माझं तिसरं मूल आहे," ती म्हणाली. "पहिल्या आठवड्यात तिचा झगा भिजलेला पाहिला. न कळायला काय झालं."

"मग विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती. हो म्हणाली असती तर मला काहीतरी करावं लागलं असतं. परत पाठवावं लागलं असतं कदाचित." तिने बाळाचं टोपडं सारखं केलं. "आणि मला माणूस हवं होतं. मला उठवत नव्हतं तेव्हा."

मला तिचा राग यायला हवा होता. पण मला आठवली ती माझीच सुरगाण्यातली रजिस्टरं. तिथेही एक रकाना होता, 'मूल घरी हजर / गैरहजर'. मूल आजोळी किंवा वीटभट्टीवर आत्याबरोबर गेलेलं असलं की मी 'गैरहजर' लिहायची आणि पुढच्या घराकडे वळायची. संध्याकाळच्या आत घरं पुरी करायची असत. त्या दारात उभ्या असलेल्या आईला मी आणखी काही विचारलं असं मला एकदाही आठवत नाही.

डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं की पुढचे काही दिवस दूध दर तीन तासांनी काढत राहायला हवं, एकदम थांबवायचं नाही. पट्टी बिलकूल बांधायची नाही. आणि विश्रांती. मामाने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "घरी दूध काढायचा पंप पडून आहे. नवा आहे. मला जमलं नाही." एवढं बोलून ती गाडी आणायला गेली.

मी त्या घटनेचा फॉर्म चोवीस तासांच्या आत भरला. त्यातला दुसरा प्रश्न होता, 'सहभागी महिला मुख्य नमुन्यात आहे का?' अकराव्या प्रश्नाला तिचं उत्तर 'नाही' असल्यामुळे टॅबलेटने तिला मुख्य नमुन्यातून काढून टाकलेलं होतं. म्हणून फॉर्मही तिथेच बंद झाला. मी टॅबलेट स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला आणि नवऱ्याला म्हटलं, "हे उचलून कुठेतरी ठेव, नाहीतर मी आपटीन." त्याने तो खरंच बेडरूमच्या कपाटात नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या वहीतलं सगळं, नावंगावं वगळून, टाइप केलं आणि प्राध्यापक बाईंना एकट्यांना पाठवलं. पत्रात गोड भाषा वापरली नाही. त्यांनी स्वतः फोन केला. या वेळी हवेचं विचारलं नाही. त्या म्हणाल्या, कुवेतमधल्या सगळ्या मुलाखती 'पूर्ण' दिसत होत्या, त्यामुळे तिथे काम उत्तम चाललंय अशी आमची समजूत होती.

प्रश्नावली बदलायला त्यानंतरही चार महिने लागले. मी पुन्हा एकेकीला शोधायला निघाले तेव्हा निम्म्या जणींचे नंबर बदलले होते, काहींची घरं बदलली होती, दोघी परत गेल्या होत्या. जेवढ्या सापडल्या तेवढ्यांना मी सगळे प्रश्न विचारले. त्यातून निघालेला अहवाल बारीकसा आहे. मी तो दोनदा वाचला. त्यात चूक काही नाही.

रुमैथियाची मुलगी त्याच घरात राहिली. मामाने तिला तीन दिवस निजवून ठेवलं आणि त्या तीन दिवसांत मला पाच वेळा फोन करून घर कसं विस्कटलंय ते ऐकवलं. एजन्सीशी ती भांडलीही, पण मुलीला परत पाठवलं नाही. रोज दुपारी बाळ झोपलं की तिला गावी व्हिडिओ कॉल करायची मोकळीक दिली. महिनाभर मुलगी पंप वापरत होती, मग हळूहळू दूध आटलं. ते आटलं त्या दिवशी तिने मला फोन केला होता. काही विशेष बोलली नाही. जेवले का, विचारलं. त्या फोनपासून मी तिच्यासाठी 'मॅडम'ची 'दिदी' झाले.

दोन वर्षांचा करार संपल्यावर ती नेपाळला गेली. मामाने आणखी दोन वर्षं राहण्यासाठी खूप गळ घातली, नंतर दोन दिवस अबोला धरला, आणि शेवटी विमानतळावर स्वतः सोडायला गेली. हे मला पार्लरच्या दिदींकडून कळलं.

तिचा गावाहून फोन आला तो तीन आठवड्यांनी. मी आधी मुलीचं विचारलं.

"येत नाही अजून माझ्याकडे. आजीच्या मागे लपते. मला 'ती बाई' म्हणते." हे तिने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. मग म्हणाली, "दिदी, एक विचारायचं होतं. पुढच्या बाळाच्या वेळी दूध येईल का त्या बाजूला?"

मला खात्री नव्हती. म्हणून मी दवाखान्यातल्या त्या केरळच्या डॉक्टरांना जाऊन विचारलं. त्यांना ती मुलगी आठवत होती. बहुतेक येईल, त्या म्हणाल्या, थोडं कमी आलं तरी पुरेल, घाबरायचं कारण नाही, फक्त त्या वेळी एकदम तोडू नको म्हणावं. मी तिला फोन करून तसं सांगितलं.

"मग ठीक आहे," ती म्हणाली. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. जास्त वेळ बोलता येणार नव्हतं तिला, मुलगी झोपेतून उठायची वेळ झाली होती. "आज सासू शेतावर गेली आहे, दिदी," ती म्हणाली. "उठली की माझ्याकडेच यावं लागेल तिला."